दहाची गोळी

वृद्धाश्रमात काही वर्षं काढली की माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. एक, कोणाचे ते शेवटपर्यंत न कळणारे चष्मे. आणि दुसरे, किस्से. चष्म्यांसाठी मी ऑफिसात बिस्किटांचा एक जुना डबा ठेवला आहे. किश्शांना डबा नाही. यवतमाळला मित्रांकडे गेलो की चहा यायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "चल, एक म्हातारा सोड."

तर आज सोडतो. फक्त आधीच सांगून ठेवतो. या किश्शांत विस्मरणाचा आजार झालेली माणसं बरीच आहेत, पण खुळा माणूस एकच आहे आणि त्याची स्मरणशक्ती उत्तम आहे. तो मी.

मी दिग्रसचा. वडील तहसीलमधून निवृत्त झालेले. मी बंगळूरला जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल कशी करावी याचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि तिथली नोकरी नाकारून, बॅगभर पुस्तकं घेऊन गावी परत आलो. बाबा म्हणाले, "म्हाताऱ्यांजवळ बसायला शिकायला बंगळूरले गेलता? इथं माह्याजवळ बसला असता तरी आलं असतं." मी त्यांना कोर्सचं माहितीपत्रक दाखवलं. त्यांनी ते वाचून, घडी घालून, टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली ठेवलं.

आमचा आश्रम दारव्हा रोडला, एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या क्वार्टरांमध्ये आहे. त्या वर्षांत जिनिंग बंद पडायला काही विशेष कारण लागत नसे. कापसाला भाव नव्हता, माल घरोघरी पुढच्या खोलीत पडून होता, आणि रिकाम्या क्वार्टरांमध्ये बावीस म्हातारी माणसं राहत होती. त्यांतल्या बहुतेकांना आपण कुठे आहोत हे नक्की माहीत नव्हतं. मला मात्र पक्कं माहीत होतं. मी क्रांतीच्या उंबरठ्यावर उभा होतो.

*

पहिल्याच दिवशी मी सगळ्यांसमोर व्याख्यान ठेवलं. विषय, 'विस्मरण आणि सन्मान'. चौतीस स्लाइड. भिंतीवर चादर लावली, लोडशेडिंगच्या आधी लॅपटॉप भरून घेतला आणि साडेदहाला सुरू केलं.

असे श्रोते मला बंगळूरलाही मिळाले नव्हते. तासभर कोणी खोकलं नाही, कोणी उठलं नाही, कोणी शेजारच्याशी बोललं नाही. सगळ्यांची नजर एका जागी. बाविसाव्या स्लाइडला माझा स्वतःचाच गळा भरून आला. समोर एक आजोबा काळ्या स्वेटरमध्ये, भर मे महिन्यात, मान किंचित तिरकी करून ऐकत होते. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती, तीही मला तल्लीनतेची वाटली.

व्याख्यान संपल्यावर मी शेवंतामावशींना म्हणालो, "किती एकाग्रतेनं ऐकलं हो सगळ्यांनी."

शेवंतामावशी म्हणजे आश्रमाच्या मुख्य सेविका. चौथी पास, पंधरा वर्षं याच कामात. त्या चादरीची घडी घालत होत्या. म्हणाल्या, "सर, गोळी दहाले असते. तुम्ही साडेदहाले सुरू केलं."

*

ती गोळी म्हणजे काय ते सांगतो. भास होऊन माणूस खरोखर घाबरला, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला लागला, तर थोडे दिवस, जपून द्यायचं ते औषध आहे. आमच्याकडे ते उपम्याबरोबर मिळत असे. तिला सगळे 'शांतीची गोळी' म्हणत. डॉक्टर दर मंगळवारी यायचे, वऱ्हांड्यातूनच नजर टाकायचे आणि सगळ्यांच्या कागदावर एकच शब्द लिहायचे, 'गरजेनुसार'.

आता हा शब्द आमच्या कोर्समध्ये पहिल्याच तासाला आला होता. प्राध्यापक फळ्याकडे पाठ करून विचारायचे, "गरज कोणाची?" आणि अख्खा वर्ग अंतर्मुख व्हायचा. मी तो प्रश्न त्याच सुरात, बोट वर करून, शेवंतामावशींना विचारला.

"गरज कोणाची, मावशी?"

"माही," मावशी म्हणाल्या.

मी बोट वरच ठेवलं, कारण पुढचं वाक्य तयार होतं. पण मावशींचंही तयार होतं. "मी एकटी, अन् अर्धा दिवस येनारी सुनीता. एक उठून रोडवर जाते, दुसरा नळ सोडून देते, तिसरी भिंतीले धरून रडते. तिन्ही एकाच टायमाले. कोनाकडे पाहू? गरज माहीच हाये, सर. लिहून घ्या."

मी बोट खाली घेतलं.

*

पण मी हार मानणारा नव्हतो. मी एक तक्ता छापून आणला. तारीख, नाव, गोळी दिली किंवा नाही, आणि शेवटचा मोठा रकाना, 'कारण'. माझा सिद्धांत असा की कारण लिहावं लागलं की माणसाला आपोआप लाज वाटते. मावशींना सांगितलं, प्रत्येक गोळीमागचं खरं कारण लिहायचं. काही लपवायचं नाही.

मावशींनी काही लपवलं नाही. पहिल्या आठवड्याचा तक्ता माझ्याकडे अजून आहे.

'ठोंबरे साहेब. उशी फाडली.'

'कमलाबाई. बस किती वाजता इचारलं. लय वेळा.'

'वामनराव. गानं म्हनलं.'

'कमलाबाई. बस.'

'ठोंबरे साहेब. गादी फाडली.'

आणि शनिवारी एकच नोंद होती, सगळ्या नावांना मिळून एक मोठा कंस करून.

'सरची मीटिंग हाये.'

*

या तक्त्यातले ठोंबरे साहेब म्हणजेच ते काळ्या स्वेटरवाले आजोबा. सरकारी कापूस खरेदी केंद्रावर त्यांनी सगळी नोकरी ग्रेडर म्हणून काढली. बैलगाडीत, मेटॅडोरमध्ये आलेल्या मालात हात घालायचा, चिमूटभर कापूस ओढून पाहायचा आणि सांगायचं, हा सुपर, हा मधला फेअर, ही टाकाऊ कवडी. त्यांच्या एका शब्दावर गाडीवाल्याचा चेहरा फुलायचा नाहीतर पडायचा.

आता त्यांना मुलाचं नाव आठवत नव्हतं. जागे असले की ते उशा फाडायचे, म्हणून त्यांना जागं ठेवत नसत.

त्यांच्या पत्नी, सिंधूकाकू, दर गुरुवारी दारव्ह्याहून एसटीने यायच्या. मुलगा नागपूरला नोकरीला, घरी त्या एकट्या. काकू डबा उघडायच्या, घास भरवायच्या, तोंड पुसायच्या. साहेब त्यांच्या खांद्यापलीकडे बघत राहायचे. चारच्या बसने काकू परत.

एकदा मी त्यांच्याजवळ बसलो. काकू डब्यातल्या वांग्याच्या भाजीकडे बघत म्हणाल्या, "घरीबी ग्रेडच द्यायचे हे. माही भाजी चाळीस वर्षं फेअर. पोराचा दहावीचा निकाल, फेअर. लग्नात मी नेसली तो शालू, तोबी फेअर. सुपर म्हनून कशाले म्हटलंच नाही कधी मानसानं."

मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "मी म्हनत नाही का बायको म्हनून वळखा. कोन म्हनूनबी वळखलं एकडाव तरी चालते. आता तं भिंतीकडे पाहावं तसं पाहातेत."

एखाद्या शहाण्या माणसाने इथे गप्प बसून पाण्याचा ग्लास पुढे केला असता. मी म्हणालो, "काकू, दिवाळीपर्यंत ते तुमचं नाव घेतील. हा माझा शब्द आहे."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "बाबू," त्या म्हणाल्या, "नाव तं त्यायनं मी नवी नवरी असतानाबी नाही घेतलं."

*

शब्द दिला म्हटल्यावर मी डॉक्टरांकडे गेलो. बंगळूरहून आणलेले कागद, लाल पेनने खुणा केलेले, छातीशी धरून. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दीड तासाने आत गेलो आणि म्हणालो, "डॉक्टरसाहेब, आपण या लोकांना जिवंतपणी पुतळे करतो आहोत." हे वाक्य मी रिक्षात पाठ केलं होतं.

डॉक्टरांनी कागद चाळले. चिडले नाहीत. विचारलं, "तुमच्या बंगळूरात किती म्हाताऱ्यांमागे एक माणूस होता?"

"चारांमागे एक."

"मग कागद आणले तसे थोडे माणसं आणायचे होते सोबत."

बाहेर कोणाचं तरी पोर रडत होतं. डॉक्टर थोडा वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत राहिले. मग म्हणाले, "वऱ्हांड्यातून पाहातो मी, हे खरं हाये. पुढच्या मंगळवारी आत येतो. एका मानसाची कमी करून पाहू, हळूहळू. एकदम बंद केली तं पडल, हाड मोडल. कोनाची करायची?"

मी ठोंबरे साहेबांचं नाव सांगितलं.

*

आश्रमाचे व्यवस्थापक वानखडे काका. साधा, घाबरट, चांगला माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंडळाच्या बैठकीत तुम्हीच सांगा. मले नाही जमत."

बैठक सोमवारी अकराला होती. सभासद म्हणजे गावातली सात-आठ वयस्क मोठी माणसं. मागच्या बैठकीत मी पाऊण तास बोललो होतो, तेव्हा त्यांतल्या दोघांनी घड्याळं काढून कानाला लावून पाहिली होती. या वेळी मुद्दा थेट काळजाला भिडला पाहिजे, असं ठरवलं. आणि मला सुचलं की जो माणूस त्या गोळीच्या अनुभवातून गेला आहे, त्याच्या बोलण्याला वेगळी धार येईल. म्हणून सकाळी दहाला, उपम्याबरोबर, मी स्वतः ती घेतली. अर्धीच.

यानंतर मी बाहेरून कसा दिसत होतो, ते ऐकीव सांगतो आहे. अकराला मी खुर्चीवर बसलो होतो. डोळे उघडे होते. कोणीतरी काही विचारलं की मी हळूच मान हलवत होतो. दीड वाजता बैठक संपली. माझा विषय निघालाच नाही. संध्याकाळी वानखडे काकांनी मला घरी सोडलं, तेव्हा ते खुशीत होते.

"सभासद लय खूश होते तुमच्यावर. म्हणे, मागच्या वेळी पोरगा फार बोलून राह्यला होता. आता मुरला."

डॉक्टरांना कळलं तेव्हा त्यांनी मला जे सुनावलं, ते मी मित्रांनाही सांगत नाही. मावशींनी मात्र दुसऱ्या दिवशी विचारलं, "कसं वाटलं सर?"

खरं सांगायचं तर मला सगळं ऐकू येत होतं. बोलायचंही होतं. शब्द दाराशी यायचे आणि दार कोणी उघडत नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "मावशी, ते ऐकत असतात."

मावशी झाडू घेऊन उभ्या होत्या. त्यांनी झाडलेला कोपरा पुन्हा झाडला. मग म्हणाल्या, "मले नोका सांगू असं. मले कामं हायेत."

पण त्या दिवसापासून त्या गोळी देताना प्रत्येकाला नाव घेऊन हाक मारायला लागल्या.

*

शेवटी वानखडे काकांनीच धीर केला. "एक महिना," ते म्हणाले. "पुन्हा गाद्या फाडल्या तं गोळी चालू. अन् तरी नाही जमलं तं पोरगा नागपूरच्या एका मोठ्या ठिकानी नेतो म्हनते, नेऊ देऊ. मले सभासदायले तोंड द्यायचं असते."

काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "नागपूरले नेलं तं माह्यानं दर गुरुवारी येनं होत नाही, बाबू. हे पाय पाहा. दारव्हा-दिग्रसच कसंतरी होते."

म्हणजे खेळ असा होता. महिन्याभरात साहेबांनी एकही उशी फाडायची नाही. आणि हे सगळं एका अशा माणसाच्या हातात होतं, ज्याला उशी म्हणजे काय हे सांगितलेलं दहा मिनिटं टिकत नव्हतं. दुसरा माणूस मी. माझीही परिस्थिती फार वेगळी नव्हती.

*

डॉक्टरांनी सांगितलं तशी गोळी उतरत गेली. दुसऱ्या आठवड्यात साहेबांची मान सरळ झाली. लाळ थांबली. एका सकाळी त्यांनी मला विचारलं, "तुमची गाडी कितवी?" हे त्यांनी मला विचारलेलं पहिलं वाक्य. मी आनंदाने जवळजवळ नाचलो आणि उत्तर द्यायचं राहून गेलं.

त्याच दुपारी त्यांनी उशी फाडली. पहिलीच म्हणून वानखडे काकांनी ती मोजली नाही.

मी माझ्या वहीत लिहिलं, 'अस्वस्थता. विनाकारण वस्तूंची तोडफोड. ऋतूचं भान नाही, उन्हाळ्यातही स्वेटर.' मग पुस्तकात सांगितलेला उपाय केला. हाताला काम द्या, मऊ काहीतरी द्या. औषधाच्या दुकानातून कापसाचं नवंकोरं मोठं बंडल आणलं, निळ्या कागदात गुंडाळलेलं, बर्फासारखं पांढरं. साहेबांच्या मांडीवर ठेवलं. माझ्या कल्पकतेवर मी बेहद्द खूश होतो.

साहेबांनी कागद सोडला. चिमूटभर कापूस घेतला, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला. एकदा, दोनदा. जे हातात उरलं ते डाव्या हाताच्या काळ्या बाहीवर ठेवून, डोळे बारीक करून पाहिलं. मग बंडल उचललं आणि माझ्या अंगावर फेकलं.

"याच्यात तार आहे का? हा मेलेला माल आहे. कोणी पाठवला?"

मी बाहीकडे पाहत राहिलो. काळ्यावर पांढरा धागा स्वच्छ दिसत होता. स्वेटरचं आणि थंडीचं काहीच नातं नव्हतं. चाळीस वर्षं ते कापसाचा तंतू काळ्यावर ठेवूनच त्याची लांबी बघत आले होते.

दारात शेवंतामावशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "उशीत काय भरते ते मालूम हाये काय, सर? जिनिंगचा गाळ. सरकीचे तुकडे निघतेत त्याच्यातून. ग्रेडर मानूस हाये. त्याले असल्या मालावर डोकं ठेवून झोप लागल काय?"

इतके दिवस त्यांनी हे कोणाला का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"इचारलं कोनं?"

*

दुसऱ्या दिवशी मावशींनी भावाच्या घरून पोतंभर कापूस आणला. त्यांच्या भावाच्या पुढच्या खोलीत तो छताला टेकला होता, घरची माणसं त्याच्यावरून चढून स्वयंपाकघरात जायची, त्यामुळे एक पोतं कमी झालं तर उलट सोयच होती. वऱ्हांड्यात साहेबांसमोर पोतं सोडलं. साहेबांनी वरचा माल पाहिलाही नाही. कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळातला कापूस ओढून काढला.

"वर चांगला ठेवतात," ते माझ्याकडे वळून म्हणाले. त्यांनी मला नवीन भरती झालेला ज्युनियर ठरवलं होतं. "खालून पाहायचं नेहमी."

तळातला तंतू बाहीवर ठेवला, पाहिला, आणि निकाल दिला. "कवडी."

मावशींचा चेहरा लाल झाला. "माह्या भावाचा माल कवडी?"

"भिजलेला आहे. घरात ठेवला न?"

मावशी तणतणत आत गेल्या. पण दोन दिवसांनी भाऊ स्वतः आला, वेगळ्या वेचणीचा कापूस रुमालात बांधून. साहेबांनी तो पाहिला. "फेअर." भाऊ पुन्हा आला, तिसऱ्या वेळी सोबत शेजाऱ्याला घेऊन. नंतर तर दिग्रसच्या बाजारात माल नेण्याआधी आमच्या फाटकाशी सायकल लावून रुमाल सोडणारे लोक दिसू लागले. साहेब सकाळी आंघोळ करून, स्वेटर घालून, वऱ्हांड्यात बसून राहायचे. उशांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मावशींनी त्यांची उशीही फोडून भावाच्या कापसाने भरली. त्यातल्या फेअरने, कवडीने नाही.

माझ्या वहीत या सगळ्याचं शीर्षक मी 'व्यवसायाधारित उपचारपद्धती' असं लिहिलं आणि खाली माझं नाव. मावशींनी वही पाहिली. त्यांना शीर्षक कळलं नाही, नाव कळलं. "तुमी आनलेला कापूस तं त्यायनं तुमच्याच तोंडावर मारलता," एवढंच म्हणाल्या.

*

आता एक किस्सा असा, जो मी शक्यतो सांगत नाही.

मावशींच्या भाचीचं लग्न होतं. सुनीताही आजारी. मी छाती काढून म्हणालो, "जा तुम्ही, मी आहे. आणि आज कोणालाही गोळी नाही."

दुपारी बारापर्यंत मी उत्तम होतो. कमलाबाई माझ्या मागे-मागे फिरत होत्या. त्यांचा एकच प्रश्न असे. "पुसदची बस किती वाजता?" पुसद त्यांचं माहेर. आम्हाला शिकवलं होतं की असा प्रश्न टाळायचा नाही, खोटंही बोलायचं नाही, त्यामागची भावना ओळखायची. मी म्हणालो, "कमलाबाई, तुम्हाला माहेरची आठवण येतेय का?"

"येते. बस किती वाजता?"

मी भावना ओळखली. पुन्हा ओळखली. साधारण पन्नासाव्या वेळी ओळखली. तेवढ्यात वामनराव अर्ध्या आंघोळीतून बाहेर आले, स्वयंपाकघरात दूध उतू गेलं आणि फाटक उघडं असल्याचं मला दिसलं. वामनरावांना टॉवेल गुंडाळून, फाटक लावून, दूध पुसून मी वळलो, तर समोर कमलाबाई. गोड हसून त्यांनी विचारलं.

पुढचं मला नीट आठवत नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मला सगळं आठवतं. कपाट मी उघडलं. गोळी मी अर्धी केली. पाणी मी दिलं. कमलाबाई "देव तुझं भलं करो" म्हणाल्या, त्याही मलाच.

पाच वाजता मावशी लग्नाच्या साडीतच परतल्या. कमलाबाई खुर्चीत, हनुवटी छातीवर. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. भिंतीवरचा तक्ता काढून माझ्यासमोर ठेवला, पेनाचं टोपण काढून पेन हातात दिलं.

"कारन लिवा, सर."

मावशींनी साडीचा पदर खोचला आणि कमलाबाईंची मान उचलून तिच्याखाली उशी सरकवली. मग मी लिहिलं. अक्षर चांगलं आहे, आजही वाचता येतं.

'सर थकले.'

त्यानंतर मी व्याख्यान दिलेलं नाही. सभासदांकडे गेलो ते आणखी दोन बाया कामाला द्या एवढंच मागायला, आणि दोन वाक्यांत बोललो. एक बाई मिळाली. ती दिवसभर कमलाबाईंबरोबर फाटकापर्यंत जाते, दोघी थोडा वेळ बसची वाट बघतात आणि चहाला परत येतात. डॉक्टर आता आत येतात. दहाची गोळी पुष्कळ जणांची उतरली. दोघांची उतरली नाही, कारण त्यांना ती खरंच लागते. तक्ता अजून भिंतीवर आहे. माझ्या त्या नोंदीला कोणी हात लावायचा नाही, असा मावशींचा हुकूम आहे. नवीन कामाला आलेल्या बाईला त्या ती पहिल्याच दिवशी वाचायला लावतात.

*

राहिला शेवटचा.

महिना संपायला चार दिवस होते. उशा शाबूत होत्या, पण माझा शब्द शाबूत नव्हता. साहेब जागे झाले होते, बोलत होते, रुमालातल्या कापसावरून गावाला निकाल देत होते. सिंधूकाकूंना मात्र ओळखत नव्हते. दोन गुरुवार त्यांनी काकूंना "तुमची गाडी कितवी?" असं विचारलं होतं. काकू म्हणायच्या, "शेवटची." साहेब म्हणायचे, "मग बसा. वेळ लागेल." आणि काकू बसायच्या, चारच्या बसपर्यंत.

त्या गुरुवारी एसटीला गर्दी होती. चढताना कोणाची तरी पिशवी अडकून काकूंच्या अंबाड्याचा आकडा पडला. त्या आल्या त्या केस एका हाताने धरूनच. वऱ्हांड्यात साहेबांच्या शेजारच्या बाकावर बसल्या, डबा खाली ठेवला आणि अंबाडा घालायला केस मोकळे सोडले. सगळे पांढरे, कमरेपर्यंत. मी त्यांना आजवर डोक्यावर पदर नसलेलं पाहिलं नव्हतं. मावशी आतून आकडा शोधून आणत होत्या.

साहेबांनी हातातला रुमाल बाजूला ठेवला.

त्यांनी हात पुढे केला आणि केसांचं टोक चिमटीत धरलं. ओढलं नाही. अंगठ्याने नुसतं सारखं केलं, जसं ते करतात तसं, एकदा, दोनदा. मग ते आपल्या डाव्या हाताच्या काळ्या बाहीवर ठेवलं आणि डोळे बारीक करून वाकले.

काकूंची मान होती तिथेच थांबली.

"वरून सुपर आहे," साहेब म्हणाले.

मग त्यांना सवय होती ती आठवली. हात वर नेला, पार मानेजवळ, आतल्या केसांत बोटं घातली आणि तिथली एक बट बाहेर काढून बाहीवर ठेवली. या वेळी जास्त वेळ पाहिलं. फाटकाशी मावशींचा भाऊ सायकल धरून उभा होता, तोही आत आला नाही.

"खालूनही सुपर."

साहेबांनी मान वर केली. आकडा घेऊन आलेल्या शेवंतामावशी समोर उभ्या होत्या. त्यांना ते हमालांची मुकादम समजत. साहेब त्यांना म्हणाले, "याच्यात दुसरा माल मिसळू नका. याची गंजी वेगळी लावा."

"हो, साहेब," मावशी म्हणाल्या.

बट अजून बाहीवरच होती. मी बाकाच्या टोकाशी वाकून, अगदी हळू, काकूंना विचारलं, "काकू, ओळखलं का हो त्यांनी?"

काकूंनी मान वळवली नाही.

"चूप बस, बाबू," त्या म्हणाल्या. "माल पाहून राह्यले ते."